वाचकांचे प्रश्न : इंटरनेटवर आपली माहिती कोणाच्या हाती जाते?

इंटरनेट वापरताना पडणारे प्रश्न कळवावेत, असे आवाहन आम्ही मागील अंकात केले होते. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांनी त्याला उत्तर दिले. ज्या पत्रांचा उपयोग इतरांनाही होईल असे वाटले, ती येथे घेतली आहेत. काही पत्रांत बँकेच्या व्यवहारांचा तपशील असल्यामुळे पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत आणि मजकूरही थोडा संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. आमच्या सामाईक जमिनीचा सातबारा मुंबईच्या भावाला हवा होता. गूगलवर शोधल्यावर जे संकेतस्थळ सर्वांत वर आले, त्याने नाव, मोबाइल क्रमांक, आधार क्रमांक आणि शेवटी 299 रुपये मागितले. पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह होते, म्हणून मी माहिती भरली. पैसे मात्र भरले नाहीत. कुलूप असूनही संकेतस्थळ खोटे असू शकते का? (गुहागर)

उत्तर : असू शकते, आणि हा गैरसमज इतका पसरलेला आहे की आपले पत्र पहिले घेतले. कुलपाचा अर्थ एवढाच की आपला फोन आणि ते संकेतस्थळ यांच्यामधील मजकूर वाटेत कोणाला वाचता येणार नाही. पलीकडे जो बसला आहे तो प्रामाणिक आहे की नाही, याची ग्वाही कुलूप देत नाही. हे कुलूप दिसण्यासाठी संकेतस्थळाला जे प्रमाणपत्र लागते, ते 2016 पासून कोणालाही फुकट मिळू लागले आहे. ते ठगांनाही मिळते. लोक कुलपाचा अर्थ चुकीचा घेतात हे ओळखूनच क्रोम ब्राउझरने संगणकावरील ते चिन्ह 2023 मध्ये बदलले.

मग पाहायचे काय, तर पत्ता, आणि तोही उजवीकडून डावीकडे. पत्त्यातील पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या आधीचा भाग घ्यावा आणि त्याच्या शेवटापासून मागे वाचत यावे. भूलेख डॉट महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे, आणि ते सरकारी संस्थांव्यतिरिक्त कोणाला मिळत नाही. त्याच्या आधी 'महाभूमी' येते आणि 'भूलेख' हा त्यातील एक विभाग. आता समजा, पत्त्यात महाभूमी, सातबारा, जीओव्ही असे सगळे शब्द आहेत, पण शेवट 'डॉट ऑनलाइन' किंवा 'डॉट कॉम' असा आहे. तो पत्ता सरकारी नाही, मग पानावर अशोकस्तंभ कितीही ठळक छापलेला असो. चित्र कोणीही चिकटवू शकतो, पत्त्याचा शेवट मात्र कोणाला बदलता येत नाही.

या सरकारी संकेतस्थळावर, म्हणजे महाभूलेखवर, विनास्वाक्षरीत सातबारा नुसता पाहण्यासाठी पैसे पडत नाहीत. डिजिटल स्वाक्षरी असलेला, कामकाजात चालणारा सातबारा 'महाभूमी'च्याच डिजिटल सातबारा संकेतस्थळावर 15 रुपयांत मिळतो. 299 रुपये या आकड्यानेच आपल्याला थांबवले, हे चांगले झाले. गूगलमध्ये सर्वांत वर येणारे संकेतस्थळ बहुधा पैसे देऊन वर आणलेली जाहिरात असते. तिच्यावर 'प्रायोजित' असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. सरकारी किंवा बँकेचे काम असेल तर प्रायोजित दुव्यांना हात न लावणे चांगले. नेहमी लागणारे पत्ते एकदा नीट तपासून ब्राउझरमध्ये खूण करून ठेवावेत आणि पुढे तेथूनच उघडावेत.

बँकांच्या बाबतीत आता ओळख सोपी झाली आहे. रिझर्व्ह बँकेने देशातील बँकांना आपली संकेतस्थळे 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या शेवटाच्या पत्त्यावर नेण्यास सांगितले होते, आणि हा शेवट नोंदणीकृत बँकांनाच मिळतो. आपल्या जिल्हा सहकारी बँकेच्या पत्त्याचा शेवट एकदा पाहून ठेवा.

आपण आधार क्रमांक देऊन बसला आहात, म्हणून आणखी एक काम आजच करावे. आधार प्राधिकरणाच्या 'माय आधार' संकेतस्थळावर किंवा त्यांच्या ॲपमध्ये बोटांचे ठसे आणि बुबुळे यांना टाळे लावण्याची सोय आहे. बँकमित्राच्या यंत्रावर पैसे काढण्यासाठी बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा एवढ्या तीनच गोष्टी लागतात. काही राज्यांत नोंदणीच्या दस्तांवरील ठशांवरून नकली ठसे बनवून खाती रिकामी केल्याची प्रकरणे घडली आहेत. टाळे लावलेले असेल तर असा ठसा चालत नाही. आपल्याला गरज पडेल तेव्हा ते काही वेळापुरते उघडता येते.

प्रश्न : आमचे समुद्रालगत न्याहारी निवास आहे. मे महिन्याच्या सुट्टीत एका माणसाचा फोन आला. आपण सैन्यात असून कुटुंबासाठी दोन खोल्या तीन रात्रींसाठी हव्या आहेत, असे तो म्हणाला. त्याने ओळखपत्राचा फोटो पाठवला. आगाऊ रकमेसाठी एक क्यूआर कोड पाठवून, "हा स्कॅन करा, सैन्याच्या खात्यातून पैसे तुमच्याकडे जमा होतील," असे सांगितले. मी स्कॅन केला तेव्हा पिन मागितला गेला. माझे यजमान शेजारी बसले होते. ते म्हणाले, "पैसे येवचे आसत तर पिन कित्याक व्हयो?" आणि आम्ही फोन ठेवला. आम्ही वाचलो, पण हे नेमके कसे चालते आणि यापुढे काय काळजी घ्यावी? आणखी एक विचारायचे आहे. पाहुण्यांच्या आधार कार्डांचे फोटो माझ्या व्हॉट्सॲपवर साठले आहेत. ते ठेवणे योग्य आहे का? (तारकर्ली)

उत्तर : यजमानांनी विचारलेला प्रश्न प्रत्येक न्याहारी निवासाच्या आणि खानावळीच्या गल्ल्याशेजारी लिहून लावावा, अशा योग्यतेचा आहे. यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना. पैसे येताना पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. आपण तो कोड स्कॅन केला त्या क्षणी पडद्यावर काय होते, ते आठवून पाहा. वर कोणातरी अनोळखी व्यक्तीचे किंवा दुकानाचे नाव, मध्ये आधीच भरलेली रक्कम आणि खाली पैसे देण्याचे बटण. सगळे उघड लिहिलेले असते. परंतु फोनवरचा माणूस अखंड बोलत राहतो, "मॅडम, जल्दी कीजिए, सीनियर लाइन पर हैं" असे म्हणत राहतो, आणि पडदा वाचायला उसंत मिळू देत नाही. त्याचा सगळा डाव त्या घाईवर उभा असतो. म्हणून पैशाचा विषय निघाला की फोन ठेवून द्यावा आणि पडदा शांतपणे वाचावा. खरा पाहुणा पाच मिनिटांनी केलेल्या फोनलाही उत्तर देतो.

सैन्याचे नाव घेण्याचे कारण उघड आहे. कोकणात घराघरांतून सैन्यात आणि नौदलात गेलेली माणसे आहेत, त्यामुळे गणवेशातला फोटो पाहिला की आपला हात सैल होतो. असे ओळखपत्र बहुधा दुसऱ्या कोणाचे तरी चोरलेले किंवा बनावट असते, आणि कोणतेही सैन्यदल सुट्टीच्या खोल्यांसाठी न्याहारी निवासाच्या मालकिणीला क्यूआर कोड पाठवत नाही.

या फसवणुकीचे एक जुने रूप असे होते की ठग आपल्या यूपीआय ॲपवर पैशांची मागणी पाठवत आणि ती स्वीकारल्यास पैसे येतील असे भासवत. राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने व्यक्तीकडून व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोय 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद केली. त्यामुळे क्यूआर कोड आणि खोटे संदेश यांवरचा भर वाढणे स्वाभाविक आहे. खोट्या संदेशाचा प्रकार असा : "तुमच्या खात्यात 20,000 रुपये जमा" असा मजकूर येतो आणि मागोमाग फोन येतो की दोन हजारांऐवजी चुकून वीस गेले, उरलेले परत करा. तो संदेश बँकेकडून आलेला नसतो, कोणीतरी आपल्या मोबाइलवरून टंकून पाठवलेला असतो. आगाऊ रक्कम आली की नाही हे संदेशावरून ठरवू नये. बँकेच्या ॲपमध्ये किंवा पासबुकात जमा दिसली तरच ती आली. जुलैमध्ये वीज आणि नेटवर्क गेल्यामुळे खाते पाहता येत नसेल, तर नेटवर्क येईपर्यंत आरक्षण कच्चे ठेवावे.

दुसरी काळजी आपल्या न्याहारी निवासाच्या नावाची घ्यायची आहे. गूगलच्या नकाशावर आपली जागा दिसत असेल, पण ती नोंद आपण ताब्यात घेतली नसेल, तर तेथील फोन क्रमांकात दुरुस्ती सुचवण्याची सोय कोणालाही असते. ठग स्वतःचा क्रमांक तेथे घुसवतात, पाहुणा त्या क्रमांकावर फोन करून आगाऊ रक्कम भरतो आणि बॅगा घेऊन आपल्या दारात उभा राहतो. पैसे आपल्याला मिळालेले नसतात, पण तोंड मात्र आपल्यालाच द्यावे लागते. म्हणून त्या नोंदीची मालकी रीतसर मागून घ्यावी, आणि दर हंगामाच्या आधी दुसऱ्याच्या फोनवरून आपलेच नाव शोधून पाहावे. आपले फोटो वापरून कोणी खोटे फेसबुक पान काढले असेल, तर तेही याच वेळी लक्षात येते. देवगडच्या एका बागायतदारांनी अशाच पानाविषयी लिहिले आहे. त्यांच्या कलमांचे आणि पेट्यांचे फोटो लावून कोणी तरी आगाऊ पैसे गोळा करत होते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि लगतच्या भागांतील हापूसला 2018 पासून भौगोलिक मानांकन आहे, पण त्या मानांकनाचे चित्रही कोणी उचलू शकतो. त्यामुळे ग्राहकाने मागणी नोंदवण्याआधी बागायतदाराशी प्रत्यक्ष बोलणे, आणि बागायतदाराने आपला एकच क्रमांक पेटीवर, पावतीवर आणि पानावर कायम ठेवणे, हा सध्या सर्वांत व्यवहार्य उपाय दिसतो.

आता आधार कार्डांविषयी. हा प्रश्न आपण स्वतःहून विचारलात, याचे मला मोल वाटते, कारण फसवणुकीची चिंता सर्वांनाच असते, पण दुसऱ्याची कागदपत्रे आपल्यापाशी आहेत याची जाणीव फार थोड्यांना असते. आपल्या फोनमध्ये सध्या शेकडो कुटुंबांची नावे, पत्ते, जन्मतारखा आणि चेहरे असतील. तो फोन हरवला, किंवा त्यात एखादे वाईट ॲप शिरले, तर ते सगळे त्याच्याबरोबर जाईल. पाहुण्याची ओळख पटवून नोंदवहीत आवश्यक ती नोंद करणे हे आपले काम आहे. त्यासाठी प्रत्येकाच्या आधारचा फोटो फोनमध्ये कायम साठवण्याची गरज नाही. वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र दाखवू दिले तरी काम भागते. आधारच द्यायचे असेल तर पहिले आठ अंक झाकलेली आणि शेवटचे चारच दाखवणारी प्रत पाहुण्याला 'माय आधार'वरून काढता येते, ती मागावी. परदेशी पाहुण्याची माहिती मात्र 24 तासांत ऑनलाइन नोंदवावी लागते. ती नोंद चुकवू नये. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची दिशाही हीच आहे : ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपले की ती ठेवू नये. या आठवड्यात एक संध्याकाळ काढून ते फोटो पुसून टाका. व्हॉट्सॲपमधून पुसल्यावर फोनच्या गॅलरीतही पाहा, कारण तेथे प्रत राहिलेली असते, आणि गॅलरीच्या 'ट्रॅश'मध्येही ती काही दिवस पडून असते.

प्रश्न : माझे वय 71 आहे. पासवर्ड लक्षात राहत नाहीत, म्हणून मी ते वहीत लिहून ठेवते. मुलगा रागावतो. वहीत लिहिणे खरोखर धोक्याचे आहे का? (कणकवली)

उत्तर : आपल्या मुलाची काळजी मी समजू शकतो, पण या बाबतीत मी आपल्या बाजूने आहे. पासवर्ड चोरणारा माणूस बहुधा शेकडो मैलांवर असतो आणि आपल्या कपाटातील वहीपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. वही टाळावी म्हणून सगळीकडे एकच सोपा पासवर्ड ठेवणे, किंवा नातवाचे नाव आणि जन्मसाल वापरणे, हे वहीपेक्षा कितीतरी धोक्याचे आहे. एखाद्या खरेदीच्या संकेतस्थळावरून पासवर्ड फुटले की ठग तीच जोडी बँकेत, मेलमध्ये, सगळीकडे लावून पाहतात. वहीमुळे प्रत्येक ठिकाणी वेगळा आणि लांब पासवर्ड ठेवता येत असेल, तर वही जरूर ठेवावी. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडून केलेला पासवर्ड चांगला. उदाहरणार्थ फणस, पोस्टमन, जांभळा आणि होडी. हेच चार शब्द मात्र आता घेऊ नका, कारण ते छापले गेले. दर महिन्याला पासवर्ड बदलण्याचीही आवश्यकता नाही. अमेरिकेच्या मानक संस्थेने 2017 मध्येच सक्तीने ठरावीक मुदतीनंतर पासवर्ड बदलायला लावणे थांबवण्याची शिफारस केली, कारण त्यामुळे लोक शेवटचा आकडा वाढवून मोकळे होतात.

दोन बंधने पाळा. एटीएम आणि यूपीआयचे पिन वहीत लिहू नका, आणि ती वही पर्समध्ये घालून बाजारात नेऊ नका. सर्वांत जास्त जपायचा तो मेलचा पासवर्ड, कारण बाकी बहुतेक खात्यांचे पासवर्ड मेलवरूनच नव्याने मिळतात. मेल ज्याच्या हाती, त्याच्या हाती सगळे. त्यामुळे मेलला 'दुहेरी पडताळणी', म्हणजे पासवर्डनंतर आणखी एकदा खात्री करून घेण्याची सोय, लावून देण्याचे काम त्या रागावणाऱ्या मुलाकडूनच करून घ्यावे. एक सूचना आपल्या हवेसाठी : पावसाळ्यात वही कपाटात ठेवून तिला बुरशी येते आणि शाई पसरते. बॉलपेनाने लिहा आणि वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकते. घरी एकच फोन आहे आणि तो सगळे वापरतात. आरोग्याविषयी काही शोधले की नंतर त्याच विषयाच्या जाहिराती वडिलांना दिसतात आणि मला फार अवघडल्यासारखे होते. 'इन्कॉग्निटो' वापरले तर कोणालाच कळत नाही, असे मैत्रीण म्हणते. ते खरे आहे का? आणि फोन आपले बोलणे ऐकतो का? (रत्नागिरी)

उत्तर : मैत्रिणीचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि ते अर्धे आपल्या नेमके उपयोगाचे आहे. इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची खासगी खिडकी, बंद केली की आपण काय पाहिले याची नोंद आणि त्या वेळी साठलेल्या कुकी, म्हणजे संकेतस्थळांनी ठेवलेल्या लहान नोंदी, त्या फोनवरून पुसल्या जातात. म्हणजे घरातील दुसऱ्या कोणी नंतर फोन उघडला तर त्याला काही दिसत नाही. आपण ज्या संकेतस्थळावर गेलात त्याला, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला, आणि महाविद्यालयाचे वाय-फाय वापरले असेल तर ते चालवणाऱ्यांना मात्र आपली भेट दिसू शकते. त्या खिडकीत गूगल किंवा फेसबुकच्या खात्यात प्रवेश केलात तर मग पडदा राहतच नाही. इन्कॉग्निटोमध्येही माहिती गोळा केल्याच्या आरोपावरून गूगलवर अमेरिकेत खटला झाला आणि 2024 मध्ये झालेल्या तडजोडीत कंपनीने साठवलेल्या प्रचंड नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले. एक काळजी अशी की काम झाल्यावर सगळ्या इन्कॉग्निटो खिडक्या खरोखर बंद करा. नुसते मुख्य पडद्यावर आलात तर त्या मागे उघड्याच राहतात.

जाहिराती पाठलाग करतात त्याचे कारण कुकी. एखादे संकेतस्थळ आपल्या ब्राउझरमध्ये एक लहान नोंद ठेवते, आणि आपण पुन्हा गेलात की त्या नोंदीवरून आपल्याला ओळखते. नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी 1994 मध्ये ती काढली तेव्हा उद्देश साधा होता : संकेतस्थळाला आधीच्या भेटीची आठवण राहावी. पुढे जाहिरात कंपन्यांनी हजारो संकेतस्थळांवर आपापली नोंद ठेवून एकच माणूस कोठे कोठे फिरतो हे जुळवायला सुरुवात केली. अशा त्रयस्थ कुकी फायरफॉक्स 2019 पासून आणि सफारी 2020 पासून आपणहून अडवतात. क्रोममध्ये त्या अडवण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन आपल्याला सुरू करावी लागते. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये गूगलखाली 'जाहिराती' असा भाग असतो, तेथे जाहिरात आयडी, म्हणजे जाहिरातींसाठी फोन ओळखण्याचा क्रमांक, हटवता येतो. गूगल खात्यातील 'माझी ॲक्टिव्हिटी' या पानावर आधी शोधलेल्या गोष्टी पुसताही येतात आणि पुढे त्या साठू नयेत असेही सांगता येते. हे सगळे दहा मिनिटांचे काम आहे, आणि घरात एकच फोन असेल तर ते केलेच पाहिजे.

बोलणे ऐकण्याविषयी : अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये 17,000 हून अधिक अँड्रॉइड ॲप तपासली. चोरून आवाज पाठवणारे एकही ॲप त्यांना आढळले नाही, पण काही ॲप पडद्याची चित्रे बाहेर पाठवत होती. आपण ज्याविषयी बोललात त्याची जाहिरात दिसते, तेव्हा बहुधा आपल्याच वाय-फायवर असलेल्या दुसऱ्या कोणी ती गोष्ट शोधलेली असते. तरीही ज्या ॲपला मायक्रोफोनचे काम नाही त्याची ती परवानगी काढून घ्यावी.

आपल्याला अवघडल्यासारखे होते यात गैर काही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला, आणि तो हक्क आपल्याला घराच्या आतही आहे. शरीराविषयी प्रश्न पडणे आणि त्याचे उत्तर एकटीने शोधावेसे वाटणे, यासाठी कोणाची क्षमा मागायची नसते.

प्रश्न : मुलाने जहाजावरील प्रशिक्षण पूर्ण केले आहे. एका कंपनीच्या संकेतस्थळावर त्याने अर्ज केला. त्यांनी पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचे ओळख व सेवेचे पुस्तक) आणि बँकेच्या पासबुकाच्या प्रती मागितल्या, आणि 'व्हिसा प्रक्रिये'साठी 85,000 रुपये. द्यावेत का? (दापोली)

उत्तर : देऊ नयेत. खलाशांची भरती करणाऱ्या संस्थेला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. त्याला या व्यवसायात आरपीएसएल म्हणतात. संस्थेकडून परवाना क्रमांक मागा आणि तो महासंचालनालयाच्या संकेतस्थळावरील यादीत स्वतः शोधा. त्यांनी पाठवलेल्या दुव्यावरून तपासू नका. यादीत नाव असले तरी फोन क्रमांकही तेथलाच घेऊन चौकशी करावी, कारण परवाना असलेल्या कंपनीचे नाव उसने घेऊन फसवण्याचे प्रकारही होतात. नोकरी मिळवून देण्यासाठी खलाशाकडून शुल्क घेण्याची परवानगी कोणत्याही परवानाधारकाला नाही, त्यामुळे पैशाची मागणी हेच पुरेसे उत्तर आहे. कागदपत्रे आधीच पाठवली असतील तर त्या कंपनीशी झालेला सर्व पत्रव्यवहार जपून ठेवा. 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर मुलाच्या नावाने किती सिम कार्डे चालू आहेत हे पाहता येते. त्याने न घेतलेले एखादे दिसले तर तेथेच कळवता येते.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर ओळखीच्या क्रमांकावरून लग्नपत्रिका आली. उघडायला गेलो तर ॲप बसवू का, असे फोन विचारतो. (राजापूर)

उत्तर : बसवू नका. पत्रिका ही चित्र किंवा पीडीएफ असते. नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर ती पत्रिका नव्हे, ॲप आहे. ते बसले की संदेश वाचण्याची परवानगी मागते, ओटीपी परस्पर पुढे पाठवते आणि आपल्या नावाने तीच 'पत्रिका' साऱ्या नातेवाइकांना धाडते. ओळखीच्या क्रमांकावरून ती आली, कारण त्या गृहस्थाचा फोन आधीच ताब्यात गेलेला आहे. त्यांना व्हॉट्सॲपवर नव्हे, साधा फोन करून कळवा.

प्रश्न : दाखल्यांची छपाई करण्यासाठी दुकानदाराच्या संगणकावर माझे व्हॉट्सॲप उघडावे लागते. काही बिघडते का? (चिपळूण)

उत्तर : दुकानदार सज्जन असला तरी त्याचा संगणक दिवसभरात अनेकांच्या हाताखालून जातो. अशा संगणकाच्या 'डाउनलोड्स'मध्ये गावातील लोकांचे आधार, पॅन, जातीचे दाखले आणि सातबारे ओळीने पडलेले असतात. पुढचा गिऱ्हाईक आपली फाइल शोधताना ते सगळे पाहतो. छपाई झाली की आपल्यासमोर फाइल पुसायला सांगा आणि 'रिसायकल बिन'ही रिकामा करून घ्या. यात संकोच बाळगू नका. दुकानातून बाहेर पडण्याआधी आपल्या फोनमधील व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक केलेली डिव्हाइस' उघडून त्या संगणकातून बाहेर पडा, नाहीतर आपले संदेश तेथे दिसतच राहतात. आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहू नये. तो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष एवढाच असतो, हे साऱ्या जगाला ठाऊक आहे.

प्रश्न : बंदरावर माझा मासळीचा व्यवसाय आहे. बँकेचे नाव सांगून आलेल्या फोनवर मी ओटीपी दिला आणि खात्यातून रक्कम गेली. लाजेने दोन दिवस घरी सांगितले नाही. आता काही होऊ शकते का? (हर्णै)

उत्तर : लाज फसवणाऱ्याने बाळगायची आहे, आपण नव्हे. हे वाचत असाल त्या क्षणी 1930 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा, नंतर बँकेला कळवा आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन येथे तक्रार नोंदवा. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात फिरवले जातात आणि मग काढले जातात. 1930 वर तक्रार होताच ती रक्कम ज्या बँकेत पोहोचली असेल तेथे ती गोठवण्याचा प्रयत्न होतो. त्यामुळे पहिल्या तासाला सर्वाधिक मोल असते, पण दोन दिवस उलटले म्हणून तक्रार करायची राहू देऊ नये.

नियम स्पष्ट सांगतो, म्हणजे खोटी आशा राहणार नाही. रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार ग्राहकाची काही चूक नसताना, बाहेरच्या त्रुटीमुळे पैसे गेले आणि त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर भार येत नाही. ओटीपी स्वतः दिलेला असेल तर बँकेला कळवण्याच्या क्षणापर्यंतचे नुकसान ग्राहकाला सोसावे लागते. त्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणजे आपल्या बाबतीतही कळवण्याला प्रत्येक तासाचे महत्त्व आहे, कारण खाते अजून उघडे असेल. बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून घ्या. फोनवरील संदेश, आलेल्या फोनचा क्रमांक आणि खात्याचा उतारा यांतील काहीही पुसू नका.

पुढील काही आठवड्यांत आपल्याला आणखी एक फोन येण्याची शक्यता आहे. "तुमचे गेलेले पैसे सापडले आहेत, सोडवण्यासाठी शुल्क भरा," असे सांगणारा माणूस स्वतःला पोलीस किंवा वकील म्हणवून घेईल आणि गेलेली रक्कमही अचूक सांगेल. एकदा फसलेल्यांच्या याद्या ठगांमध्ये फिरतात, त्यामुळे त्याला ती माहीत असते. 1930, पोलीस किंवा बँक पैसे परत देण्यासाठी कधीही शुल्क घेत नाहीत. तक्रारीचे पुढे काय झाले हे विचारायला दापोलीच्या पोलीस ठाण्यात तक्रार क्रमांक घेऊन प्रत्यक्ष जावे, आणि बरोबर घरातील कोणाला तरी न्यावे.